ताटातील पहिला घास
(वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम व आहार : मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेवानिवृत्त शिक्षक भाषणास उभा राहिला की सभागृहातील तरुण मंडळी हळूच घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मुलांवरील संस्कार किंवा जुन्या पुण्याच्या आठवणी यांपैकी एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणीसांची अपेक्षा होती. मी माझा विषय कळविला तेव्हा त्यांनी तो मजकडून दोनदा वदवून घेतला आणि मग अत्यंत सौजन्याने विचारले, “गुरुजी, हा विषय आपल्या संमेलनात योग्य होईल ना?” मी त्यांना म्हटले, की हा विषय आपल्याच संमेलनात योग्य आहे, कारण तो आपल्या घराघरांतून दडवून ठेवलेला आहे.

प्रथम माझा अधिकार किती, ते सांगून टाकतो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षणपदविका घेऊन आयुष्यभर मुलांना गणित व मराठी शिकविले. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध शाळेतील शरीरशास्त्राच्या धड्यांपुरताच होता. आज जे सांगणार आहे ते माझ्या कन्येसमवेत डॉक्टरांच्या व आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत बसून, शंभर पानी वहीत टिपून घेऊन शिकलेले आहे. कन्येची संमती घेऊनच मी येथे उभा आहे. ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल त्यांनी माझे शब्द प्रमाण न मानता आपल्या शल्यचिकित्सकांस विचारावे. कोणते प्रश्न विचारावेत, एवढे जरी माझ्या बोलण्यातून समजले तरी मी कृतार्थ होईन.

वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरील चरबी कापून काढणे, असा माझा समज होता. तो समूळ चुकीचा निघाला. ही शस्त्रक्रिया जठरावर होते. तिचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष प्रचलित आहेत. पहिल्यास स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग काढून टाकतात व उरलेले जठर सदऱ्याच्या बाहीसारखे अरुंद राहते. दुसऱ्यास बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. अन्न मग उरलेल्या जठरास व आतड्याच्या पहिल्या भागास वळसा घालून पुढे जाते. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६७ साली या बायपासची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. आपल्याकडे मात्र २०१७ साली इजिप्तच्या एमान अहमद या अतिस्थूल महिलेस उपचारार्थ मुंबईस आणले, तेव्हा वृत्तपत्रांतून या शस्त्रक्रियेचे नाव घरोघर पोचले. स्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणे असे विकार ज्यांच्या मागे लागले आहेत आणि ज्यांना अन्य उपायांनी गुण येत नाही, त्यांना डॉक्टर हा मार्ग सुचवितात. हौसेखातर करून घेण्याची ही गोष्ट नव्हे.

आता माझ्या घरची हकीगत सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात दोष कोणाचा असेल तर तो प्राधान्याने माझा आहे.

माझी कन्या लहानपणापासून अंगाने स्थूल. मी स्वतः नित्य पहाटे पर्वती चढणारा. सूर्यनमस्कार घातल्यावाचून चहा घ्यावयाचा नाही, हा माझा बाणा. साहजिकच तिला मी उपदेश करीत असे : “जिभेला लगाम घाल आणि पर्वती चढ, दुसरे औषध नाही.” चाळिशीला पोचेपर्यंत तिचे वजन १०८ किलो झाले, मधुमेह जडला, गुडघे बोलू लागले. चार वर्षांपूर्वी तिने बायपास करून घेण्याचे ठरविले व ते मला सांगावयास आली. तेव्हा माझ्या तोंडून वाक्य निघाले, “हा पळपुटेपणा आहे.” ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात आपल्या आईजवळ गेली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पहिले पंधरा दिवस पातळ पदार्थ, मग कुस्करलेले, मग मऊ, आणि मग हळूहळू नेहमीचे अन्न, या पायऱ्या तिने व्यवस्थित चढल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवसापासून चालू लागली, आणि पहिले दीड महिना वजन उचलणे टाळले. पुढे मात्र तिने व्यायामाचा ध्यासच घेतला. पहाटे तळजाईची टेकडी, सायंकाळी घरी सायकलचे यंत्र, रविवारी पर्वतीच्या दोन फेऱ्या. आठ महिन्यांत वजन ७४ किलोवर आले. नातेवाईक कौतुक करू लागले आणि मीही मनातल्या मनात अभिमान बाळगू लागलो. त्या व्यायामामागे आरोग्याची ओढ किती आणि माझ्या त्या एका वाक्याची बोच किती, हे तिने मला पुष्कळ पुढे सांगितले.

त्या काळात ती खात होती काय? सकाळी चहा व दोन बिस्किटे, दुपारी चार घास वरणभात, रात्री अर्धी पोळी व भाजी. पोट तेवढ्यानेच भरून येई. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या पाचव्या महिन्यात बंद पडल्या. “आता तू धडधाकट झालीस, गोळ्या कशाला हव्यात?” असे म्हणणारा दुसरा कोणी नसून मीच होतो. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, जिना चढताना तिला धाप लागू लागली, चेहरा पांढुरका दिसू लागला. बारीक झाल्यामुळे असे दिसते, अशी आम्ही सर्वांनी समजूत करून घेतली.

अशा अवस्थेत एका रविवारी तिने सिंहगड चढण्याचा हट्ट धरला. मीही बरोबर निघालो. आतकरवाडीहून पायवाटेने चढ लागला. उलटीच्या भीतीने तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. निम्म्या वाटेवर तिचे पाय थरथरू लागले. तेथे एका झोपडीत लिंबाचे सरबत मिळत होते. मी मोठा पेला घेतला, वर आणखी साखर घालावयास सांगितली आणि म्हटले, “हे एका दमात पिऊन टाक, तरतरी येईल.” तिने नको म्हटले. मी आग्रह केला. तिने ते प्याले.

पंधरा-वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छातीत धडधडू लागले, पोटात कळा येऊ लागल्या, डोळ्यांपुढे अंधेरी आली. ती वाटेवरील दगडावर आडवी झाली. गडावरून उतरणाऱ्या चार तरुणांनी तिला आधार देऊन खाली आणले. त्या मुलांची नावेही मला ठाऊक नाहीत, परंतु त्यांचे ऋण मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उलगडा केला. निरोगी जठर गोड पेय थोडे थोडे करून आतड्यात सोडते. बायपासनंतर तो दरवाजाच राहिलेला नसतो. साखरेचे दाट पाणी एकदम आतड्यात पडते, ते शरीरातील पाणी आतड्याकडे ओढते आणि घाम, धडधड, कळा, जुलाब अशी लक्षणे अर्ध्या तासाच्या आत दिसतात. यास डंपिंग म्हणतात. दुसराही एक प्रकार आहे. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उलट फार खाली उतरते, हातपाय कापतात, बुद्धी भ्रमिष्ट होते. हा दुसरा प्रकार बहुधा शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यानंतर उद्भवतो, आणि नेमका व्यायामाच्या वेळी आला तर धोका अधिक. ज्या पेल्याने मी तिला तरतरी देऊ पाहत होतो त्यानेच तिला आडवे केले होते. तिचे हिमोग्लोबिन ८.६ निघाले आणि ब-१२ जीवनसत्त्वही फारच कमी निघाले.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला मागील दिवसाचे सर्व खाणे सांगावयास लावले व कागदावर आकडे मांडले. दिवसभरातील प्रथिनांची बेरीज २४ ग्रॅम आली. किमान ६० ग्रॅम हवी होती. मी जन्मभर गणित शिकविले, पण माझ्याच घरातील ही बेरीज कधी मांडली नव्हती. त्या बाईंनी एकच सूत्र सांगितले आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे : ताटातील पहिला घास प्रथिनांचा. पोटात जागा थोडी आहे. ती आधी भाताने भरली की स्नायूंना लागणारे अन्न बाहेरच राहते.

प्रथिनांवर एवढा भर कशासाठी, हे समजण्यास आपल्या पुण्याचेच एक उदाहरण फार उपयोगी आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली. वजनाचा काटा एकच आकडा दाखवितो. त्या आकड्यात चरबी किती व स्नायू किती, हे तो सांगत नाही. आपण भारतीय लोक मुळातच स्नायूंनी गरीब. शस्त्रक्रियेनंतर जे वजन उतरते त्यातील पाचवा-चौथा हिस्सा चरबीव्यतिरिक्त स्नायूंसारख्या ऐवजाचा असू शकतो. अशा वेळी प्रथिने न खाता नुसते मैलोगणती चालत राहिलो, तर शरीर आपलेच स्नायू जाळून चूल पेटती ठेवते. घराच्या तुळया काढून बंबात घालण्यासारखा हा प्रकार आहे. माझी कन्या आठ महिने तेच करीत होती आणि आम्ही काट्याकडे पाहून टाळ्या वाजवीत होतो.

मेहनत आणि खुराक ही जोडी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. पुण्याच्या पेठांतून तालमी होत्या, काही आजही आहेत. तेथील वस्ताद नव्या पोराला जोर-बैठका सांगण्याबरोबरच दूध किती प्यावयाचे, बदाम किती खावयाचे, हेही सांगत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि बलोपासना मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेली. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच मातीतील कुस्तीच्या परंपरेतले. आज ज्यास क्रीडापोषण म्हणतात त्याचे मूळ नाव आपल्याकडे खुराक हेच आहे. फरक एवढाच, की पहिलवानाच्या पोटात दुधाची चरवी रिकामी होते आणि या मंडळींच्या पोटात एका वेळी वाटीभर अन्नही कष्टाने मावते. म्हणून यांचा खुराक आकाराने लहान, गुणाने भारी व दिवसातून पाच-सहा वेळा विभागून दिलेला असावा लागतो.

किती प्रथिने हवीत? साधारणतः दिवसास ६० ते ८० ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यास आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत आहारतज्ज्ञ सांगू शकतात. एका वेळी १५ ते २० ग्रॅम एवढा वाटा असल्यास उत्तम. भगिनींना उपयोगी पडावे म्हणून स्थूल मानाने आकडे देतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम, सोयाबीनच्या २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १२ ग्रॅम, ६० ग्रॅम शिजलेल्या मासळीत किंवा कोंबडीत १२ ते १५ ग्रॅम. अर्धी वाटी घट्ट वरणात मात्र तीन-चार ग्रॅमच. वरणभात खाल्ला म्हणजे प्रथिने झाली, ही आपली समजूत या हिशेबात टिकत नाही. माझ्या कन्येचा दिवस आता असा जातो : सकाळी दोन अंडी, मध्ये पेलाभर दूध, दुपारी पनीर व दोन चमचे वरण, व्यायामानंतर दुधाच्या निवळीपासून केलेली व्हे नावाची भुकटी पाण्यात घालून, सायंकाळी दही, रात्री मासळी. ही बेरीज ६५ ग्रॅमच्या आसपास येते. शाकाहारी घरांनी अंडी व मासळी यांच्या जागी सोयाबीन, पनीर, चक्का यांची योजना करावी. व्हेच्या भुकटीला पूर्वी मी व्यायामशाळेतील थेर म्हणत असे. पनीर करताना आपण जे निवळ पाणी मोरीत ओततो, त्यातीलच प्रथिने वाळवून ती केलेली असते, हे कळल्यावर माझा विरोध मावळला. घेताना मात्र साखर न घातलेली घ्यावी, आणि कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाच्या प्रकारातही बदल करावा लागला. आठवड्यास निदान १५० मिनिटे जलद चालण्यासारखा व्यायाम हवाच. परंतु त्याबरोबर दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर काढणे, पुढे हलकी वजने उचलणे. खाल्लेली प्रथिने स्नायूंत मुरावीत म्हणून हे लागते. पहिल्या काही महिन्यांत आहार इतका थोडा असतो की लांब पल्ल्याची शर्यत किंवा गडाची चढण तेव्हा टाळणेच शहाणपणाचे.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावणे या मंडळींना शक्य नसते. दिवसभरात दीड लिटर किंवा त्याहून अधिक पाणी घोटाघोटाने घ्यावे लागते. जेवताना व त्यानंतर सुमारे अर्धा तास पाणी वर्ज्य. म्हणून व्यायामास निघण्याच्या पुष्कळ आधीपासून पाण्याची तयारी करावी लागते. फसफसणारी पेये, बाटलीतील गोड क्रीडापेये, उसाचा रस ही टाळावीत. मीठ घातलेले पातळ ताक आपल्या हवेत उत्तम. तासाभराच्या आतील व्यायामास वेगळे काही खाण्याची बहुधा गरज नसते, मात्र उपाशीही निघू नये. अधिक वेळ चढण असेल तर तासभर आधी अर्धे केळे व थोडे शेंगदाणे असे काहीतरी घन खावे, आणि वाटेत जे घ्यावयाचे ते चमच्याच्या मापाने घ्यावे. कोणाला काय सोसते हे निरनिराळे असल्याने त्याची परीक्षा घराजवळच्या टेकडीवर करावी, गडावर करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढविण्यापूर्वी त्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आता गोळ्यांविषयी. माझ्या अज्ञानाचा सर्वांत मोठा फटका येथेच बसला. ब-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून शोषून घेण्यास जठरातील आम्ल व जठरातच तयार होणारा एक विशिष्ट घटक लागतो. लोह व कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने आतड्याच्या पहिल्या भागात होते. बायपासमध्ये अन्न नेमके यांनाच वळसा घालते. त्यात आपली पुण्याची परिस्थिती पाहा. डॉ. याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांची ही गोष्ट आहे. ज्यांच्या कणगीत आधीच दाणे थोडे, त्यांनी वरून भरण्याची वाटही बंद केली तर काय होईल, हे सांगावयास गणिताचा शिक्षक नको. रक्तात लोह व ब-१२ नसेल तर प्राणवायू वाहून नेणारे रक्त पुरेसे तयार होत नाही, आणि मग व्यायामाने बळ न येता धापच लागते. ब-१२ दीर्घकाळ कमी राहिल्यास हातापायांच्या नसाही बिघडतात.

म्हणून या गोळ्या जन्मभराच्या आहेत. वजन उतरले म्हणून त्या सुटत नाहीत. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये. पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी. वारंवार उलट्या होऊ लागल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे, कारण ब-१ या जीवनसत्त्वाचा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो व त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. आणखी एक सूचना व्यायाम करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. गुडघा किंवा कंबर दुखली की आपण औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या आणून खातो. बायपास झालेल्याच्या जठराच्या नव्या जोडाशी त्यांमुळे व्रण होण्याचा धोका असतो. वेदनाशामक कोणते घ्यावे, हे आपल्या शल्यचिकित्सकांसच विचारावे.

हे सारे झाले शास्त्र. परंतु शास्त्राला अडथळा होतो तो आपल्या चालीरीतींचा, आणि त्याविषयी बोलण्यासाठीच मी मुख्यतः उभा आहे.

सिंहगडची हकीगत मी दोघा-तिघा ज्ञातिबंधूंना विश्वासाने सांगितली, तेव्हा मला नवल वाटावे असे घडले. एकाने हळूच सांगितले, की त्यांच्या सुनेची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्याने आपल्या भावाचे सांगितले. तिसऱ्या घरी तर मुलीचे लग्न जमेपर्यंत कोणास कळू द्यावयाचे नाही, असे ठरले होते. “लोक काय म्हणतील?” या तीन शब्दांपायी ही माणसे पंगतीत बसतात, आणि वाढणारा आग्रह करीत सुटतो : “एवढेच? आमच्याकडचे आवडले नाही का? एक जिलेबी तरी घ्या, माझी शपथ आहे.” खरे कारण सांगता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. ती जिलेबी पोटात जाते आणि ते माणूस अर्ध्या तासाने कार्यालयाच्या मागच्या खोलीत घामाघूम होऊन पडून राहते. एकादशीला व चातुर्मासात घरातील वडीलधाऱ्यांच्या धाकाने साबुदाण्याची खिचडी खावी लागते. साबुदाण्यात पिष्टाशिवाय काही नाही, प्रथिने जवळजवळ शून्य. उपवास सोडवत नसेल तर दूध, दही, पनीर व शेंगदाणे यांवर करावा, आणि त्या दिवशी कठीण व्यायाम करू नये. देव काही ताटातील चमचे मोजत नाही.

जेवू घालणे हा आपल्या ज्ञातीचा मोठा गुण आहे. आग्रह ही आपल्या प्रेमाची भाषा आहे, हे मी जाणतो. मी सरबताचा पेला पुढे केला तोही प्रेमानेच. परंतु त्या प्रेमाला माहितीची जोड नव्हती. आणि त्याआधी मी तिला जे टोचून बोललो, त्याला शिस्त असे नाव दिले होते. आग्रह आणि उपहास ही दोन्ही टोके सोडून मधल्या वाटेने या माणसांजवळ उभे राहावे, एवढेच आपल्याकडून त्यांना हवे आहे.

याकरिता मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वार्षिक स्नेहभोजनात यापुढे ‘अर्धे ताट’ अशी एक सोय असावी. ज्याला हवे त्याने ते घ्यावे. त्यात उसळ, पनीर, दही यांपैकी काही आधी वाढावे आणि भात, पोळी, गोड हे मागितल्यावरच द्यावे. वाढणाऱ्याने का म्हणून विचारू नये. शस्त्रक्रिया झालेल्यांबरोबरच मधुमेही, वृद्ध आणि मजसारखे दंतहीन लोकही त्या ताटाचा लाभ घेतील, म्हणजे ते घेणारा कोणी एकटा उठून दिसणार नाही.

शेवटी कन्येचे वर्तमान सांगतो. ब-१२ ची इंजेक्शने, लोह, गोळ्या आणि हिशेबाने प्रथिने यांनी तिचे रक्त भरून यावयास सहा महिने लागले. त्या काळात तिने टेकड्या सोडून घरीच हलकी वजने उचलली. वजन दोन किलोंनी वाढले तेव्हा ती घाबरली. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “हे वजन कमावलेले आहे, ते राहू द्या.” पुढील हिवाळ्यात आम्ही पुन्हा आतकरवाडीहून निघालो. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, पातळ ताक व मूठभर शेंगदाणे होते. ती घोटाघोटाने पीत, थांबत थांबत चढत होती. सरबताची ती झोपडी आली तेव्हा मी खाली मान घालून पुढे निघालो. ती हसून म्हणाली, “बाबा, तुम्ही प्या हवे तर. माझ्यासाठी थांबू नका.”

गडावर तिने मडक्यातील दही आधी खाल्ले, मग दोन चमचे पिठले, आणि सर्वांत शेवटी भाकरीचा चतकोर. माझ्या ताटातील भाकरी संपली होती. तिने आपली उरलेली भाकरी माझ्या ताटात घातली आणि मी ती मुकाट्याने खाल्ली. पळपुटेपणाचा तो शब्द मी त्या दिवशी तिच्यासमोर परत घेतला. आज आपणा सर्वांसमोर पुन्हा एकदा परत घेतो.